आईच्या एमआरआयमध्ये 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' आलंय, म्हणजे नेमकं काय?

रातकिडा (धागाकर्ती):

मंडळी, जरा मदत करा. आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी गेली बारा वर्षं चालू, बाकी स्वतःचं सगळं स्वतः करते, माझ्यापेक्षा जास्त ग्रुप सांभाळते फोनवर. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी अंथरुणातून उठताना एकदम गरगरलं, भिंत धरून खाली बसली, थोड्या वेळाने बरं वाटलं पण नंतर दोनतीनदा परत तसंच झालं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला. काल रिपोर्ट आला. लिफाफा आईनेच गाडीत फोडला आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली, "फ्यू स्कॅटर्ड टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज इन बायलॅटरल फ्रंटो-पराएटल व्हाइट मॅटर, लाइकली क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस", आणि मग मला, "इस्केमिक म्हणजे काय गं?" मी म्हटलं काही नाही, वयाचं असतं, आणि गाडी चालवत राहिले, पण पोटात गोळा आला होता.

रात्री दोनपर्यंत गूगल. करू नये हे कळतं, पण राहवत नाही. एका ठिकाणी लिहिलंय हे साठीनंतर जवळपास सगळ्यांनाच असतं, पांढऱ्या केसांसारखं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय स्ट्रोक, डिमेन्शिया आणि मृत्यूचा धोका वाढतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल? न्यूरोची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी, तोवर जीव टांगणीला. आईला न कळत छोटे स्ट्रोक येऊन गेलेत का? गरगरलं ते ह्यामुळेच का? आणि हे आता वाढतच जाणार का?

निळी_छत्री:

अगं आधी झोप बरं. माझ्या सासऱ्यांच्या रिपोर्टात सहा वर्षांपूर्वी शब्द न शब्द हेच वाक्य होतं (मला तर वाटतं हे लोक कॉपी-पेस्ट करतात), आजही शब्दकोडं माझ्याआधी सोडवतात. दुर्लक्ष कर असं नाही म्हणत, त्यांची शुगर तेव्हापासून मनावर घेतली आम्ही. जाणकार येतीलच.

फिल्मवाला:

कॉपी-पेस्ट नाही हो, टेम्प्लेट असतं. :) मी डॉक्टर नाही, मशीनवरचा माणूस आहे, बावीस वर्षं हेच करतोय. रोग काय ते डॉक सांगतील, रिपोर्टातले शब्द कुठून येतात एवढं मी सांगतो.

फ्लेअर हा फोटो काढायचा एक प्रकार आहे. त्यात मेंदूच्या पोकळ्यांमधलं आणि भोवतीचं मोकळं पाणी मुद्दाम काळं केलं जातं. मग जिथे पेशींच्या आत-बाहेर थोडं जास्तीचं पाणी मुरलंय तेवढीच जागा पांढरी चमकते. भिंतीला ओल धरल्यावर डाग दिसतो ना, तसं समजा. डाग दिसला म्हणजे भिंत पडली असं नाही, आणि डाग नुसता बघून ओल वरच्या पाइपातून आली की बाहेरच्या पावसाने हेही कळत नाही. म्हणूनच रिपोर्टात 'हायपरइंटेन्सिटी' लिहितात, म्हणजे 'इथे चमकतंय' एवढंच, आणि 'लाइकली' लावून पुढे अंदाज. वय ७१, बीपी आहे, दोन्ही बाजूंना सारखे ठिपके आहेत, तर अंदाज लहान रक्तवाहिन्यांचा. हेच ठिपके पंचवीस वर्षांच्या मुलीत दिसले तर तोच रेडिओलॉजिस्ट वेगळं वाक्य लिहील.

आता रिपोर्ट परत काढा आणि तीन गोष्टी शोधा. डिफ्यूजनबद्दल काय लिहिलंय, 'फाझेकास' असा शब्द आणि पुढे आकडा आहे का, आणि एसडब्ल्यूआय किंवा जीआरई मध्ये (रक्ताच्या जुन्या खुणा दाखवणारे फोटोचे प्रकार) मायक्रोब्लीड दिसले का. इथे टाका. नाव-गाव खोडून बरं का, लोक अख्खा रिपोर्ट फोटो काढून टाकतात.

रातकिडा:

धन्यवाद फिल्मवाला, ओलीचं एकदम डोक्यात बसलं. तर "नो डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन", "फाझेकास ग्रेड वन", "नो मायक्रोब्लीड्स ऑन एसडब्ल्यूआय", आणि शेवटी "माइल्ड एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रॉफी". हे शेवटचं वाचून परत घाबरले. अॅट्रॉफी म्हणजे मेंदू आकसलाय ना?

डॉक_निवृत्त:

रिपोर्ट टाकलात ते बरं केलंत. मी फिजिशियन होतो, न्यूरोचा माणूस नाही, आणि आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं त्या मर्यादेत घ्या.

आधी रिपोर्ट. डिफ्यूजनमध्ये काही नाही म्हणजे गेल्या काही दिवसांतला ताजा स्ट्रोक दिसत नाही. मायक्रोब्लीड नाहीत. फाझेकास १ म्हणजे सुटे सुटे ठिपके, ही पट्टी ० ते ३ अशी आहे, २ मध्ये ठिपके एकमेकांना चिकटायला लागतात आणि ३ मध्ये मोठे पट्टे होतात. १९८७ सालची पट्टी आहे, अजूनही रोज वापरतात कारण नजरेने पटकन लावता येते. अॅट्रॉफीपुढे 'माइल्ड' आणि 'एज रिलेटेड' हे दोन शब्द आहेत ते वाचा, सत्तरीत मेंदू तिशीइतका भरीव नसतोच.

आता छोट्या नळ्यांचं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के आणि ऑक्सिजन खातो २० टक्के. मोठ्या धमन्यांपासून काटकोनात फुटून आत खोलवर जाणाऱ्या बारीक नळ्या असतात, परफोरेटर म्हणतात, बहुतेकांची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यांना शेजारून जोडरस्ता जवळजवळ नसतो, एक बंद पडली की तिच्या टोकाचा भाग उपाशी. बरं, मोठ्या धमनीतला पूर्ण दाब एकदम ह्या बारीक नळीवर येतो, त्यामुळे वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की भिंती जाड आणि कडक होतात, आतलं अस्तर पाझरायला लागतं. हा पाझर आणि कमी पडणारा रक्तपुरवठा ('इस्केमिक' म्हणजे हाच), ह्यातून ती ओल. नुसती नळी चोंदते असं चित्र पूर्वी होतं, आता पाझराकडेही तितकंच लक्ष आहे.

ह्या आजाराच्या स्कॅनवर दिसणाऱ्या खुणा वेगवेगळ्या आहेत आणि लोक सगळ्यांना 'छोटे स्ट्रोक' म्हणून एका पोत्यात भरतात. पांढरे ठिपके ही एक. 'लॅक्यून' ही वेगळी, ३ ते १५ मिलिमीटरची पाणी भरलेली पोकळी, म्हणजे तिथे बहुधा कधीतरी छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने तेवढा भाग मरणं) होऊन गेला. हा शब्द १८३८ पासून चालत आलाय, फ्रेंच भाषेत पोकळी, रिकामी जागा. मग मायक्रोब्लीड, रक्ताचे जुने कण. आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या फटी. ह्या सगळ्याला कोण काय म्हणेल त्याचा इतका गोंधळ होता की २०१३ मध्ये जगभरच्या लोकांनी बसून स्ट्राइव्ह नावाची एकसारखी परिभाषा ठरवली, २०२३ मध्ये ती सुधारली. तुमच्या आईंच्या रिपोर्टात लॅक्यूनचा उल्लेख नाही. म्हणजे न कळत स्ट्रोक येऊन गेले असं ह्या कागदावरून म्हणता येत नाही.

तुमचा खरा प्रश्न, दोन्ही एकदम खरं कसं. रॉटरडॅमच्या एका अभ्यासात ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचे एमआरआय केले, व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूतल्या तारांचा भाग) एकही डाग नाही असे निघाले जेमतेम ५ टक्के. म्हणजे 'असणं' हे नेहमीचंच. धोका वाढतो तो 'किती आहे' त्यावर. ग्रेड ३ वाल्यांचे आकडे ग्रेड १ वाल्याने स्वतःला लावून घेतले की रात्री दोन वाजतात.

पण पांढऱ्या केसांची उपमा मला आवडत नाही. मी स्वतः पेशंटना वर्षानुवर्षं तेच सांगायचो आणि आता वाटतं चुकलो, कारण ते ऐकून माणूस निवांत होतो आणि बीपीची गोळी पुढच्या महिन्यात आणू म्हणतो. केसांचं बीपीवर काही अवलंबून नाही, ह्याचं आहे.

चक्रम:

हे सगळे स्कॅन करून घाबरवायचे धंदे आहेत असं माझं मत. पूर्वी एमआरआय नव्हते तेव्हा लोक जगत नव्हते का? आणि एवढंच वाटत असेल तर बेबी ऍस्पिरिन चालू करा, रक्त पातळ राहतं, विषय संपला. माझे मोठे काका वीस वर्षं घेतायत.

डॉक_निवृत्त:

चक्रम, पहिल्या वाक्याशी मी थोडा सहमत आहे हे ऐकून तुम्हालाच धक्का बसेल. :) साध्या गरगरण्यासाठी प्रत्येकाला एमआरआय लागत नाही. पण ऍस्पिरिनचं थांबा, थांबा.

ज्यांना स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात आपोआप ओसरणारा स्ट्रोकसारखा झटका) झालाय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना डॉक्टर देतात आणि ती मनाने बंद करायची नाही, तुमच्या काकांना कशासाठी दिली ते मला माहीत नाही. पण स्कॅनवर योगायोगाने ठिपके दिसले, बाकी काही झालेलं नाही, तर केवळ तेवढ्यासाठी ऍस्पिरिन देऊ नये असंच युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण ह्या नळ्या जशा बंद पडतात तशा फुटतातही. रक्त पातळ करून एक दार लावायचं आणि दुसरं उघडं टाकायचं असं होतं. लॅक्युनर स्ट्रोक झालेल्या तीन हजारांवर लोकांवर एसपीएसथ्री नावाची ट्रायल झाली, त्यात ऍस्पिरिनला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी जोडून दीर्घकाळ दिली. पुन्हा होणारे स्ट्रोक म्हणावे तसे कमी झालेच नाहीत, रक्तस्राव वाढले आणि मृत्यूही वाढले. २०१२ चा निकाल आहे. 'जास्त पातळ म्हणजे जास्त सुरक्षित' हे इथे चालत नाही.

चक्रम:

बरं. काकांना विचारतो कशासाठी आहे ते.

सावकाश:

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. धागाकर्तीला घाबरवायचं नाहीये, तुमच्या आईंचं आणि ह्याचं काही घेणंदेणं नाही, पण ह्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते कुणीतरी लिहिलं पाहिजे.

बाबांचं ग्रेड ३ होतं, चार लॅक्यून. मोठा झटका कधीच आला नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला असं काही झालं असतं तर आम्ही धावलो असतो. झालं काय, तर चपलांचा आवाज बदलला. बाबा आयुष्यभर ताडताड चालणारे, आणि आता आतल्या खोलीतून फरशीवर घासत येणारा आवाज, सर्र सर्र, पाय उचललाच जात नव्हता. मागे वळायचं तर एका जागी सातआठ छोटी पावलं टाकायचे, मी एकदा मोजली होती. उंबऱ्याशी आलं की पाय जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे. आम्ही म्हणायचो बाबा, पाय उचलून चाला ना. जणू आळशीपणाच करतायत.

दुसरं म्हणजे लघवी. घाई लागली की लागलीच. आम्ही प्रोस्टेट प्रोस्टेट करत वर्ष घालवलं. आणि तिसरं, जे मला आजही लागतं, त्यांचा इंटरेस्टच गेला. टीव्ही चालू असेल तर बघायचे, बंद केला तर बंद पडद्याकडे बघायचे. आई म्हणायची रुसलेत. स्मृती बरी होती हो! माझ्या शाळेतल्या मित्रांची नावं सांगायचे, त्यामुळे डिमेन्शिया मनातसुद्धा आला नाही. पण वीजबिल भरायला बसले की तासभर बिल हातात, कुठून सुरुवात करायची तेच कळायचं नाही.

आधी पार्किन्सन सांगितलं, त्याच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय पडद्यावर लावला आणि मला जवळ बोलावलं. पोकळ्यांभोवती दोन्हीकडे पांढरे ढग. ते म्हणाले पुढच्या भागातून पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या लांब तारा ह्याच पट्ट्यातून जातात, तारांचा वेग मंदावलाय. त्या एका वाक्याने चाल, लघवी आणि ते गप्प बसणं, सगळं एका माळेत बसलं. तीन वर्षं तीन डॉक्टर तीन आजार शोधत होते.

आणि बीपी? बाबांचं बीपी १७० च्या घरात असायचं आणि ते म्हणायचे मला काही त्रास होत नाही ना. पंधरा वर्षं हेच.

निळी_छत्री:

सावकाश, वाचून गलबललं. लिहिलंत हे फार बरं केलंत.

डॉक_निवृत्त:

सावकाश यांनी जे लिहिलंय ते पुस्तकापेक्षा नेमकं आहे. अल्झायमरमध्ये बहुतेकदा आठवण आधी जाते, इथे वेग आणि आखणी आधी जाते. नुसतं 'आठवतंय का' विचारून हे सापडत नाही, म्हणूनच घड्याळ काढायला लावणं, आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायला लावणं, १०० मधून ७ वजा करत जाणं, असल्या चाचण्या घेतात. आणि माणसाला चालवून, वळवून बघणं. माझे एक सर म्हणायचे पेशंट केबिनच्या दारातून खुर्चीपर्यंत येतो तोवर अर्धी तपासणी झालेली असते.

एक पुस्ती. नुसत्या ढगांवरूनही माणूस ओळखता येत नाही. ग्रेड ३ असून बऱ्यापैकी चालते-बोलते लोक मी पाहिलेत आणि ग्रेड २ वर अडखळणारेही. ठिपके कुठे आहेत आणि मेंदूची मूळ शिल्लक किती, त्यावर बरंच असतं.

अर्धशिशी:

धागा हायजॅक करत नाही पण राहवत नाही. मी ३६. मायग्रेन कॉलेजपासून, महिन्यातून चारपाचदा. गेल्या वर्षी एमआरआय झाला, तर "मल्टिपल टायनी नॉनस्पेसिफिक व्हाइट मॅटर फोसाय, डीडी मायग्रेन, स्मॉल व्हेसल डिसीज, डिमायलिनेशन" असं तीन आजारांचं मेनूकार्ड दिलंय. बीपी नाही शुगर नाही सिगारेट नाही. ह्यातलं मी कुठलं निवडायचं?

फिल्मवाला:

मेनूकार्ड, हाहा. मायग्रेनवाल्यांच्या फ्लेअरमध्ये बारीक ठिपके येणं आम्ही नेहमी बघतो. आणि मशीनचाही फरक पडतो, थ्री टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) जे बारीक ठिपके दिसतात त्यातले काही दीड टेस्लावर दिसतच नाहीत. दोन वेगळ्या मशीनचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढलेत' असं लोक म्हणतात तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो. तुलना करायची तर शक्यतो तेच मशीन, तोच प्रोटोकॉल.

डॉक_निवृत्त:

अर्धशिशी, निवडायचं काम तुमचं नाहीच. :) पण विचार कसा करतात ते सांगतो. डिमायलिनेशन म्हणजे तारांवरचं आवरण खराब होणं, त्यातला नेहमीचा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याचे डाग अंडाकृती असतात, पोकळ्यांना काटकोनात उभे राहतात, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलात आणि मेंदूच्या वरच्या सालीला अगदी चिकटून असतात, मणक्यातल्या मज्जारज्जूतही सापडतात. आणि बहुतेकदा माणसाला दृष्टी अंधुक होणं, अंगाला मुंग्या-बधिरपणा असले दिवसांवर-आठवड्यांवर राहिलेले त्रास झालेले असतात. तुमच्यात तसं काही नसेल तर 'नॉनस्पेसिफिक'चा अर्थ खरोखर नॉनस्पेसिफिक. बी-१२ कमी असलं तरी व्हाइट मॅटरवर परिणाम होतो, ते एकदा बघून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे.

आणखी एक प्रश्न न्यूरो विचारतील, मी इथे विचारत नाही पण मनाशी आठवून ठेवा. घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्ट्रोक, लहान वयात डिमेन्शिया, आणि जोडीला दृष्टीसमोर प्रकाशाच्या रेषा येणारं मायग्रेन? कॅडासिल नावाचा आनुवंशिक प्रकार आहे, नॉच-थ्री नावाच्या जीनमधला दोष, १९९६ मध्ये सापडला. मुलांमध्ये यायची शक्यता निम्मी. दुर्मिळ आहे, मायग्रेन असणाऱ्या प्रत्येकाने ह्याच्या मागे लागू नये, पण घराण्याचा इतिहास तसा असेल तर सांगायचं राहू नये.

अर्धशिशी:

घरात तसं कुणी नाही. आईला आणि मावशीला मायग्रेन आहे, पण दोघी ठणठणीत, फक्त भांडतात. बी-१२ करून घेते. खूप आभार!

निळी_छत्री:

मला एक विचारायचंय, हे ठिपके परत जातात का? व्हॉट्सअॅपवर रोज कुठली ना कुठली कॅप्सूल येते 'मेंदूच्या नसा उघडणारी'.

डॉक_निवृत्त:

त्या कॅप्सूलवर मी बोललो तर संपादक प्रतिसाद उडवतील.

पण प्रश्न चांगला आहे. पूर्वी आम्हाला शिकवलं गेलं की हे एकदा आलं की वाढतच जातं. नेदरलँड्समधल्या निमेखन इथल्या आरयूएन डीएमसी अभ्यासात तेच लोक वर्षानुवर्षं पुन्हा स्कॅन केले तर काहींमध्ये ठिपक्यांचं आकारमान मधल्या काळात कमी झालेलंही दिसलं. म्हणजे सगळा पांढरा भाग मेलेला नसतो, काही नुसती ओल असते. पण अमुक गोळी घेतली की ठिपके जातात असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. सिलोस्टॅझोल आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ह्या जुन्या औषधांवर लॅसी-टू ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला, आशादायक आहे पण ३६३ लोकांची छोटी ट्रायल, त्यावरून घरी चालू करायचं नाही.

ज्याला पुरावा आहे ते म्हणजे बीपी. स्प्रिंट-माइंड, २०१९. पन्नाशीपुढचे नऊ हजारांवर लोक, डायबेटिस आणि आधी स्ट्रोक झालेले वगळून. एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं उद्दिष्ट, दुसऱ्याचं १४० च्या खाली. त्यातल्या साडेचारशे जणांचे साधारण चार वर्षांच्या अंतराने दोनदा स्कॅन झाले. ठिपके दोन्ही गटांत वाढले, पण १४० वाल्यांत सरासरी १.४५ घन सेंटिमीटर आणि १२० वाल्यांत ०.९२. सौम्य विसराळूपणाच्या केसेसही १९ टक्के कमी. डिमेन्शियाचा फरक मात्र ठाम म्हणता येईल इतका आला नाही, हे सांगायचं लोक विसरतात.

आता हे वाचून कुणी आईवडिलांची गोळी परस्पर वाढवू नका! तिथलं बीपी माणसाला एकटं शांत बसवून यंत्राने मोजलेलं होतं, तुमच्या घरच्या गडबडीतल्या १२० शी त्याची तुलना होत नाही. आणि वयस्कर माणूस उभा राहिल्यावर बीपी धाडकन पडलं तर तो पडतो, खुबा मोडतो. म्हणून बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजायला सांगा.

सिगारेट, शुगर, कोलेस्टेरॉल, चालणं, घोरत असतील तर स्लीप अॅप्निया, हे सगळं आहेच. ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून लांबण लावत नाही.

रातकिडा:

अपडेट देते, काल न्यूरोकडे जाऊन आलो.

आधी आईला कॉरिडॉरमध्ये चालवलं, मग वळायला सांगितलं. मी मागे उभी राहून मनात पावलं मोजत होते (सावकाश, तुमचं वाचून). तीन. सात वजा करायला लावलं तर आईने ९३, ८६, ७९ म्हणत ६५ पर्यंत नेलं आणि म्हणाली अजून करू का. घड्याळ काढायला लावलं तर विचारते रोमन आकडे चालतील का. डॉक्टर हसायलाच लागले.

मग तिला पलंगावर बसवून मान एका बाजूला वळवून पटकन आडवं केलं आणि आई किंचाळली, गरगरतंय गरगरतंय! डोळे भिंगरीसारखे फिरत होते, मी स्वतः बघितलं. ते म्हणाले हे बीपीपीव्ही आहे, कानाच्या आतले बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत गेलेत, मेंदूचा संबंध नाही. तिथल्या तिथे मान चार वेळा वेगवेगळ्या दिशांना वळवून काहीतरी केलं, पाचएक मिनिटांचं काम. आज सकाळी उठताना गरगरलं नाही. म्हणजे ज्यासाठी एमआरआय केला त्याचं उत्तर एमआरआयमध्ये नव्हतंच.

पण ते म्हणाले झालाय तर त्याचा उपयोग करू. स्क्रीनवर ठिपके दाखवले, आईलाही बोलावून दाखवले, पाचसहा तांदळाचे दाणे सांडल्यासारखे. आई म्हणाली, एवढेच? ऍस्पिरिन नाही. एमआरआय परत लगेच नाही. एक आठवडा घरी बीपी मोजा म्हणाले, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं न बोलता बसून, हात छातीच्या पातळीला, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री. न बोलता पाच मिनिटं, हेच आईला सगळ्यात अवघड जाणार आहे.

आणि खरी गोष्ट तिथे कळली. डॉक्टरांनी विचारलं गोळी रोज घेता का, तर आई म्हणे हो, म्हणजे बीपी नॉर्मल असलं की दोनतीन दिवस नाही घेत, उगाच कशाला. बारा वर्षं! मी शेजारी बसलेली, मला पत्ताच नाही.

सावकाश:

तीन पावलं. वाचून बरं वाटलं.

चक्रम:

काकांना विचारलं. २००४ मध्ये त्यांना टीआयए झाला होता म्हणे, घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. गोळी चालू ठेवा म्हटलं. आणि हो, शब्द मागे घेतो, स्कॅनबद्दलचे नाही, ऍस्पिरिनबद्दलचे.

फिल्मवाला:

रातकिडा, एक काम करा. फिल्म नाही, सीडी जपून ठेवा, आणि आजच कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, त्या सीड्या चारपाच वर्षांत उघडत नाहीत. पुढेमागे कधी परत स्कॅन करायची वेळ आली तर तुलनेला तीच लागेल, आणि सेंटरवाले तोवर डेटा ठेवतीलच असं नाही.

रातकिडा:

केली कॉपी. आईच्या वहीत आज सकाळचं १५२/८४ आणि १४८/८२ आहे, पुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय "मध्ये फोन आला होता".